पूल गळतोय? आधी बादली आणा

होळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग, कुठून ना कुठून कुणीतरी विचारतं, "पूल गळतोय, कधी येता?" मी उलट विचारतो, "कशावरून?" उत्तर ठरलेलं असतं. "माळी म्हणतो, रोज पाणी सोडावं लागतंय."

रोज पाणी सोडावं लागतं, एवढ्यावरून गळती ठरत नाही. पाण्याच्या टाक्या आणि पोहण्याचे तलाव बांधण्यात, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बांधलेले दुरुस्त करण्यात, माझी पंचवीस वर्षं गेली. विनाकारण फोडलेल्या टाइल्स जितक्या पाहिल्या, तितक्या खरोखर तडकलेल्या भिंती काही पाहिल्या नाहीत. मालक घाबरतो, ठेकेदार म्हणतो सगळं वॉटरप्रूफिंग उखडून नव्याने करू, महिनाभर ब्रेकर चालतो. मग पूल भरला की लेव्हल पुन्हा होती तशीच उतरते, कारण पाणी जात असतं मोटररूममधून.

आधी ऊन किती पाणी पितं ते बघू. घाटावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उतरते. दुपारचं वारं असेल तर सेंटिमीटरभरही. कोकणात हवा दमट, त्यामुळे तिथे जरा कमी. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर पाण्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमचा पूल ८ मीटर बाय ४ मीटर असेल, तर एक मिलिमीटरला ३२ लिटर आणि आठ मिलिमीटरला २५६ लिटर. महिन्याला साडेसात हजार लिटरच्या वर पाणी नुसतं हवेत जातं. दहा हजार लिटरच्या टँकरचा बराचसा भाग उन्हाच्या वाट्याचा. कारंजं किंवा धबधबा चालू ठेवत असाल, पोरं उड्या मारत असतील, तर त्याचं वेगळंच.

बादली

ऊन किती आणि गळती किती, हे वेगळं काढायला एक बादली पुरते. रंगाचा रिकामा पांढरा डबा सगळ्यात चांगला, कारण त्यावर पेन्सिलची खूण दिसते. तो पुलाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर ठेवा, तळाशी एखादा दगड टाका म्हणजे तरंगणार नाही. डबा पुलाच्याच पाण्याने भरा आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकी करा. आतून एक खूण, बाहेरून एक खूण. आता चोवीस तास पोहणं बंद, कारंजं बंद, आणि पाणी आपोआप भरणारा बॉलकॉक असेल तर त्याच्या मागचा कॉक बंद. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. बॉलकॉक रात्रभर इमानाने पाणी भरत बसतो आणि सकाळी मालक सांगतो, "एक थेंब उतरला नाही हो!"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन्ही खुणा मोजा. डब्यातलं पाणी जितकं उतरलं तितकं उन्हाचं. पुलाचं त्याहून जास्त उतरलं असेल तर वरचा फरक गळतीचा. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर घाई करू नका, आणखी एक दिवस बघा. पाच-सहा मिलिमीटर असेल तर पुढे वाचा.

चाचणी दोनदा करायची, एक दिवस मोटर बंद ठेवून आणि एक दिवस मोटर नेहमीसारखी चालवून. अर्धा तपास इथेच होतो. मोटर चालू असताना जास्त पाणी जात असेल तर दाबाच्या बाजूला बघा, म्हणजे फिल्टरपासून पुलात पाणी सोडणाऱ्या नोझलपर्यंतची लाइन. मोटर बंद असताना जास्त जात असेल तर ओढीच्या बाजूला, कारण मोटर चालू असताना त्या लाइनमधून पाणी बाहेर पडण्याऐवजी उलट हवा आत ओढली जाते. नोझलमधून सतत बुडबुडे येत असतील, मोटरच्या पुढच्या जाळीच्या डब्यात हवा साठत असेल, तर ही शंका पक्की होत जाते. दोन्ही दिवशी सारखंच जात असेल तर टाकी, दिवे आणि भिंतीतली फिटिंग्ज यांच्याकडे वळायचं.

आपल्याकडच्या बऱ्याच फार्महाउसवर काठोकाठ भरून नाल्यात सांडणारे ओव्हरफ्लो पूल असतात आणि खाली बॅलन्सिंग टँक असतो. तिथे ही चाचणी जरा बदलते. मोटर चालू असताना पुलाची पातळी काठालाच असते, तूट दिसते ती बॅलन्सिंग टँकमध्ये. म्हणून मोटर चालू केल्यावर अर्धा तास थांबा, पाणी स्थिरावू द्या, मग टँकमध्ये खूण करा. मोटर बंदच्या दिवशी खुणा दोन्हीकडे हव्यात. टँक झाकलेला असतो, ऊन तिथे फारसं पोहोचत नाही, त्यामुळे टँकची पातळी स्वतःहून उतरली तर तो टँकच गळतोय असं समजा. नाल्यातून आणि नाल्याच्या पाइपातून पाणी फक्त मोटर चालू असतानाच वाहतं, म्हणून ओव्हरफ्लो पुलात दाबाच्या लाइनइतकाच संशय नाल्यावरही घ्यायला हवा.

आणखी एक गंमत होते. मोटर बंद आहे, पूल उतरतोय आणि टँक चढतोय. मागे पाणी येऊ न देणारा एनआरव्ही खराब झाला की पुलाचं पाणी फिल्टर आणि मोटरमधून उलटं टँकमध्ये येतं. टँक भरला की ओव्हरफ्लोच्या पाइपाने रात्रीच्या रात्री ओढ्याला. सकाळी कुठे ओलही दिसत नाही. व्हॉल्व्ह बदलला की प्रश्न मिटतो.

मोटररूमच्या मागे

मुळशीजवळच्या एका बंगल्यात मालकाने मला बोलावलं तेव्हा त्याच्या हातात दोन कोटेशनं होती. दोन्हींत टाइल्स काढण्यापासून सुरुवात. बादलीच्या चाचणीत मोटर बंद असताना फरक शून्य निघाला, मोटर चालू ठेवली त्या दिवशी बारा मिलिमीटर. मी मोटररूमला वळसा घालून मागे गेलो. तिथे केळीची पाच-सात झाडं होती. बाकी बागेतलं गवत पिवळं पडलेलं आणि ही झाडं मात्र अशी तरारलेली, की नजर लागावी. त्यांच्या बुंध्याशी बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर धुतलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या, पाइपाचं तोंड होतं आणि त्यातून पेन्सिलीएवढी धार लागलेली. खाली दहा लिटरची बादली धरली, ती बारा मिनिटांत भरली. तासाला पन्नास लिटर. मोटर रोज आठ तास चालायची, म्हणजे चारशे लिटर, म्हणजे त्या ३२ चौरस मीटरच्या पुलात साडेबारा मिलिमीटर. हिशेब जुळला.

दोष होता मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये. वाळूच्या फिल्टरवर जो मोठा दांडा असतो, फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट असं फिरवायचा, त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गास्केट बसवलेलं असतं. ते झिजलं की दांडा फिल्टरवर असला तरी थोडं पाणी वेस्टच्या वाटेने निसटतं. ते खराब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मोटर चालू ठेवून दांडा फिरवणं. माळ्याला एवढं एकच शिकवा: आधी मोटर बंद, मग दांडा दाबून फिरवायचा, मग मोटर चालू. गास्केट बदलायला तासभर लागला. दोन्ही कोटेशनं मालकाने माझ्यासमोर फाडली.

म्हणून पुलाकडे जाण्याआधी मोटररूमची फेरी मारा. बॅकवॉशच्या पाइपाचं टोक शोधा, ते कोरडं हवं. मोटरच्या शाफ्टखाली पांढरट क्षाराचा थर दिसला तर सील गेलं. युनियनचे आटे, फिल्टरचा ड्रेन प्लग यांना कोरडा कागद लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

पाणी कुठे थांबतं

मोटररूम निर्दोष निघाली तर पाण्यालाच विचारायचं. भरणा बंद करा, मोटर बंद करा आणि पातळी उतरू द्या. रोज सकाळी पाण्याच्या रेषेशी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. गळतीचं तोंड जिथे असेल तिथे पाणी येऊन थांबतं, पुढे फक्त उन्हाचं उतरणं उरतं. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीच्या, तोंडाशी थांबलं तर स्किमर, नोझलच्या रांगेत थांबलं तर नोझल. कुठेच न थांबता तळापर्यंत चाललं तर तळाचा ड्रेन किंवा तळ आणि भिंतीचा सांधा. हे फक्त कोरड्या दिवसांत करायचं. का, ते पुढे सांगतो.

जागा साधारण कळली की रंग. सुई काढलेली सिरिंज आणि किराणा दुकानातला खाण्याचा लाल रंग. मोटर बंद करून दोन तास पाणी शांत होऊ द्या, चष्मा लावून हळूच उतरा, सिरिंजचं टोक संशयाच्या जागेपासून बोटभर अंतरावर धरा आणि थेंबभर रंग सोडा. जोरात दाबलात तर रंग सगळीकडे पसरतो आणि काही कळत नाही. गळती नसेल तर रंगाचा ढग तिथेच लोंबकळत राहतो. गळती असेल तर तो ढग लांबतो, त्याचा दोरा होतो आणि तो दोरा फटीत शिरताना दिसतो. पहिल्यांदा बघणारा माणूस पाण्यातच ओरडायला जातो.

एक सक्त सूचना. मोटर चालू असताना तळाच्या ड्रेनजवळ कुणीही बुडी मारायची नाही. त्या ओढीत केस किंवा हात अडकून माणसं दगावली आहेत. मोटरचा एमसीबी पाडा, आणि कुणी पाण्यात असेपर्यंत तो दुसरा कुणी वर करणार नाही याची खात्री करा. पूल मोठ्यांचा असला तरी एकट्याने बुडी मारू नका, काठावर कुणीतरी हवं.

रंग घेऊन जायच्या जागांत पहिली जागा पाण्यातल्या दिव्याची. अलिबागजवळच्या एका पुलात पाणी काठाखाली दीड वीत येऊन थांबायचं, तीन वर्षं. मालकाने तेवढ्या पट्ट्यातल्या सगळ्या टाइल्स दोनदा बदलून घेतल्या होत्या. दिव्याच्या वरच्या कडेला रंग सोडला तर तो सरळ आत गेला. दिवा भिंतीतल्या एका वाटीत बसवलेला असतो आणि त्याची केबल वाटीच्या मागच्या नळीतून वर जंक्शन बॉक्सकडे जाते. त्या नळीचं तोंड बंद केलेलं नसेल, नळीचा सांधा कुठे निसटला असेल, तर तीच पाण्याची वाट. इलाज असा: वीज पूर्ण बंद, दिव्याचा स्क्रू काढून दिवा वर काठावर आणायचा (बसवणाऱ्याने जादा केबल गुंडाळून ठेवलेली असली तर), आणि नळीच्या तोंडाशी केबलभोवती पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मळून बसवायची. पुट्टी तोंडाशीच हवी, आत खोल कोंबली तर उद्या केबल बदलताना इलेक्ट्रिशियन तुम्हाला शिव्या देईल. पूल रिकामा करावा लागत नाही. दिवा १२ व्होल्टचाच आहे ना आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, हेही त्याच दिवशी बघून घ्या.

नोझलच्या आणि स्किमरच्या कडांनाही हीच पुट्टी चालते. प्लास्टिकचं फिटिंग आणि काँक्रीट एकमेकांना कधीच जीव लावून धरत नाहीत, तिथे केसाएवढी फट पडणारच. कायमचा इलाज म्हणजे पुढच्या वेळी पूल रिकामा असताना कडेने खाच पाडून न आकसणाऱ्या ग्राउटने भरणं.

पाइप

पाइप जमिनीखाली असतात, म्हणून सगळे त्यांना घाबरतात. पण त्यांची परीक्षा सरळ असते. एकेका लाइनची दोन्ही तोंडं रबरी प्लगने बंद करायची, लाइन पाण्याने भरायची, हातपंपाने साधारण दीड किलोचा दाब द्यायचा आणि गेजकडे बघत बसायचं. अर्धा तास काटा हलला नाही तर ती लाइन सोडून द्या. घसरला तर तीच. दाब पाण्याचाच द्या. कॉम्प्रेसरची हवा भरून प्लास्टिकचा पाइप तपासणारे प्लंबर आहेत, त्यांना थांबवा, कारण हवेने फुटलेल्या पाइपाचे तुकडे उडतात.

कोणती लाइन ते कळलं, पण नेमकं कुठे? डेकच्या फरशीवर कान लावून ऐकणारी यंत्रं मोठ्या शहरांत भाड्याने मिळतात. नसतील तर जमीन वाचा. काळ्या मातीत ओल वर येते आणि गवत हिरवं राहतं. कोकणात जांभा असतो, तो पाणी गिळून टाकतो, वर काहीच दिसत नाही. ओल सापडली तरी ती बोअरची की पुलाची, हा वाद होतोच. घरच्या आरओबरोबर आलेलं टीडीएस मीटर त्या साठलेल्या पाण्यात आणि पुलात बुडवून बघा, बोअरच्या पाण्याचाही आकडा घ्या. कोणाशी जुळतंय ते लगेच दिसतं.

बहुतेक वेळा फुटलेला असतो तो सांधा, आणि तोही डेक खचल्यामुळे. खचलेला भराव नीट ठोकून न भरता नुसता सांधा जोडलात तर पुढच्या पावसात मला पुन्हा फोन कराल. फुटलेल्या पाइपाला बाहेरून पुट्टी थापणं निरुपयोगी. तेवढा तुकडा कापून नवा घाला, सॉल्व्हंट सुकायला वेळ द्या, माती लोटण्याआधी पुन्हा दाब देऊन बघा.

भिंत आणि तळ

सगळं तपासून झाल्यावर उरली तर टाकी. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: टाइल्समधल्या सांध्यांतून पाणी गळतं, म्हणून ग्राउट नवं भरलं की झालं. टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, ते दिसण्यापुरते आणि पोहणाऱ्यांच्या पायांपुरते. पाणी अडवतो तो त्यांच्यामागचा वॉटरप्रूफिंगचा थर आणि काँक्रीट. तरीही उडालेलं ग्राउट ही खूण आहे, विशेषतः ते एका सरळ रेषेत उडालं असेल तर. व्हाइट सिमेंटने भरलेले सांधे क्लोरीन आणि ॲसिडने खाल्ले जातात, ते सगळीकडे सारखेच झिजलेले दिसतात. पण एकाच रेषेत ग्राउट फुटलंय, दोन-चार टाइल्सवर तीच चीर पुढे गेलीय, तर मागे काँक्रीट हललेलं असण्याची शक्यता आहे. टाइल्सवर नाण्याने टकटक करत जा. भरीव आवाज बदलून बद्द आवाज येऊ लागला की त्याभोवती खडूने रेघ मारा.

सगळ्यात लाडकी जागा म्हणजे तळ आणि भिंतीचा सांधा. तळाचं काँक्रीट एका दिवशी ओततात, भिंत काही दिवसांनी. त्या जोडात पीव्हीसीची वॉटरबार पट्टी घालायची असते. ती राहून गेली, वाकडी बसली किंवा भिंतीच्या पायाशी काँक्रीट नीट हलवलं नाही आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहिली, की पाणी तिथूनच जातं. काळ्या जमिनीवर बांधलेला पूल वेगळाच त्रास देतो. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुलाला दोन्ही वेळा हलवते.

दुरुस्ती आतूनच करायची, पाण्याचा दाब आतून असतो. खडूच्या रेघेपुरत्या टाइल्स काढा, चीर पंचवीसेक मिलिमीटर खोल खणा, धूळ पाण्याने पूर्ण धुवा, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. चीर आरपार आणि हलती वाटत असेल तर आत पॉलीयुरेथेनचं इंजेक्शन. ते ज्याने आधी केलंय अशाच माणसाला द्या, नोझल ठोकून ग्राउट ओतलं म्हणजे इंजेक्शन होत नाही. मग पॉलिमर कोटिंगचे दोन हात एकमेकांना काटकोनात, कोपऱ्यात आणि सांध्यावर फायबरची जाळी. टाइल्स चिकटवायला टाइल ॲडेसिव्ह, सांध्यांना इपॉक्सी ग्राउट. कोटिंग केल्यावर टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून बघायलाच हवं. मिस्त्री कंटाळतो, दिवस मोडतात म्हणतो, तुम्ही ऐकू नका. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे. त्यात नव्या जमिनीखालच्या टाकीसाठी सांगितलेली रीत पुलालाही लागू पडते: भरून सात दिवस काँक्रीटला पिऊ द्या, पुढचे सात दिवस रोज पातळी मोजा. पूल नवा बांधत असाल तर बाहेरचा भराव तोवर टाकू नका.

बाटलीतून ओतायची गळतीची औषधं मिळतात. केसाएवढ्या चिरेला ती काही काळ धरतात. पण फिल्टर बायपास न करता ओतलीत तर वाळूच्या ढेकळांचा खर्च वेगळा.

पावसाळ्यात रिकामा करू नका

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कर्जतजवळ, भातखाचरांना लागून असलेल्या बंगल्यात, फायबरचा छोटा पूल होता. जुलैचा दुसरा आठवडा. गळती तळाच्या ड्रेनला आहे हे मी नीट शोधलं होतं, आणि मालकाला पावसाच्या उघडिपीत काम उरकून हवं होतं. मी पंप लावून संध्याकाळी पूल रिकामा केला. रात्री पाऊस आला. सकाळी पोहोचलो तर पुलाचं एक टोक वीतभर वर आलेलं, काठाच्या फरश्या उभ्या राहिलेल्या. खाचरातलं पाणी खालून दाबत होतं आणि आत दाबायला पाणी नव्हतं. पूल होडीसारखा तरंगला. ती दुरुस्ती माझ्या खिशातून झाली.

काँक्रीटचा पूल जड असतो, तोही उचलला जातो किंवा त्याचा तळ तडकतो. म्हणून रिकामा करायचं काम दिवाळीनंतर काढायचं आणि होळीच्या आसपास संपवायचं. मेमध्ये करायचंच असेल तर कोटिंग सकाळी लवकर मारा आणि सिमेंटच्या कामावर ओली गोणपाटं टाका, नाहीतर ऊन त्याच दिवशी चिरा पाडतं. आणि महिना कोणताही असो, पंप लावण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकवा. विहिरीतलं पाणी तुमच्या पुलाच्या तळापेक्षा वर असेल तर थांबा.

रिकामं करताना पाणी कुठे सोडताय तेही बघा. आठवडाभर क्लोरीन न टाकता उन्हात राहू दिलं तर ते झाडांना थोडं थोडं देता येतं. एकदम शेजाऱ्याच्या भातात सोडलंत तर पाण्याचं नंतर बघू, आधी भांडण मिटवत बसाल.

काम झाल्यावर पूल भरला की लगेच बादली ठेवू नका, नवं सिमेंट पहिले काही दिवस पाणी पितं. आठवड्याने ठेवा, तोच डबा, तीच पायरी. मोटररूमच्या दाराला एक वही आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवा आणि माळ्याला महिन्यातून एकदा आकडा लिहायला सांगा.

मुळशीच्या त्या बंगल्यातली वही मी अजून अधूनमधून बघतो. गास्केट बदलल्यावर महिन्याभराने तिथल्या माळ्याचा फोन आला होता. गळती पूर्ण थांबली होती, पण त्याची तक्रार निराळी होती. "साहेब, केळीला आता रोज वेगळं पाणी द्यावं लागतंय."